टेन्स शिकवायला गेम घेताय? मग या चुका टाळा

गेम भारी झाला, पोरं खूश, तास कधी संपला कळलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या तर परत 'ही डिड नॉट वेंट'. मराठी माध्यमात पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. मग आपण म्हणतो गेमबिम सगळं फॅड आहे, त्यापेक्षा बारा टेन्सचा तक्ता पाठ करून घेतलेला बरा. पण थांबा. माझ्या मते बहुतेक वेळा लोचा एकाच जागी असतो, गेम असा बनवलेला असतो की टेन्स न वापरताच जिंकता येतो. पोरं हुशार असतात हो, जिंकायला जेवढं लागतं तेवढंच बोलतात.

मूक अभिनयाचंच बघा ना. चालू वर्तमानकाळ म्हटलं की सगळे हाच घेतात. एक पोरगा पुढे येऊन दात घासायची ॲक्टिंग करतो, वर्ग ओरडतो 'ब्रश! ब्रश!', आपण पॉइंट देतो. यात 'इज' कुठे आला, 'आयएनजी' कुठे आला? 'पूर्ण वाक्य बोला' असं दटावून दोन मिनिटं चालतं, नंतर गाडी परत रुळावरून खाली. त्यापेक्षा एका मुलीला फळ्याकडे तोंड करून उभं करा, तिच्या मागे तिघंजण वेगवेगळी ॲक्शन करतील, आणि वर्गाने तिला सांगायचं कोण काय करतंय, म्हणजे 'राहुल इज कुकिंग, मीना अँड सना आर डान्सिंग'. तिने ऐकून फळ्यावर चित्र काढायचं. आता नुसतं 'डान्स' ओरडलं तर तिला कळणारच नाही कोण नाचतंय ते, त्यामुळे नावही घ्यावं लागतं आणि इज-आर पण लागतं. मधेच ॲक्शन बदलायला लावा, मग 'नाऊ' आपोआप येतो.

याच काळासाठी कबड्डीची कॉमेंट्री घेणारे पण आहेत, आयडिया मस्त आहे पण जरा जपून, कारण खरी कॉमेंट्री झटपट ॲक्शनला साधा वर्तमानकाळच वापरते, 'ही क्रॉसेस द बोनस लाइन'. टीव्हीवर ऐकलेलं पोर बरोबर बोलतं आणि आपण त्याला चूक देतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे बॉल फेकत 'गो-वेंट-गॉन' म्हणून घेणं आणि भूतकाळ झाला असं समजणं. सुरुवातीची पाच मिनिटं वॉर्म-अप म्हणून ठीक आहे, रूपं तोंडात बसतात. पण ती यादी पाठ असलेलं पोरच 'डिड नॉट वेंट' लिहितं, कारण आपल्या गेममध्ये सगळी वाक्यं होकारार्थी असतात, प्रश्न आणि नकार कधी येतच नाहीत, आणि 'डिड'ची खरी गोची तर तिथेच आहे. यावर 'मामाचं पत्र हरवलं' जबरदस्त चालतं. गोलात बसवायचं, पळापळ नाही, चिठ्ठी पाठीमागून हातोहात फिरवायची, आणि मधल्या पोराने तिघांना विचारायचं, 'डिड यू टेक द लेटर?' 'नो, आय डिडन्ट टेक इट.' 'डिड यू सी इट?' खोटं बोलायला परवानगी आहे म्हटल्यावर पोरं एकदम सुटतात, आणि एका तासात 'डिडन्ट टेक' इतक्या वेळा तोंडातून जातं की 'डिडन्ट टुक' त्यांनाच विचित्र वाटायला लागतं.

थोडी मोठी पोरं असतील तर चोर-पोलीस. शाळेची घंटा चोरीला गेलीये, दोघांवर संशय, दोघं म्हणतात काल संध्याकाळी ६ ते ८ आम्ही एकत्र होतो. दोघांनी बाहेर जाऊन स्टोरी जुळवायची, मग एकेकाला आत बोलवून वर्गाने तपास करायचा: 'व्हॉट वेअर यू डूइंग ॲट सेव्हन ओक्लॉक?', 'हू पेड फॉर द वडापाव?' उत्तरं जुळली नाहीत की पकडले. इथे हमखास होणारा घोळ म्हणजे ते दोघं बाहेर असताना आतला वर्ग रिकामा बसतो आणि पाच मिनिटांत दंगा, मग शेजारच्या मॅडम दारात. तेवढ्या वेळात आतल्यांना जोडीजोडीने तीन-तीन प्रश्न लिहायला द्या, प्रश्नांची प्रॅक्टिस पण तिथेच होते.

आता सगळ्यात जास्त घोटाळा, पूर्ण वर्तमानकाळ. आपण 'काल पुण्याला गेलो होतो' असं म्हणतो, म्हणून पोर सरळ 'आय हॅड गॉन टु पुणे येस्टरडे' लिहितं, आणि त्यात आपण 'हॅव, हॅज आणि तिसरं रूप' असा फॉर्म्युला टाकला की 'आय हॅव गॉन येस्टरडे' पण सुरू होतं. फॉर्म्युल्याने हे सुटत नाही, समोर काहीतरी बदललेलं दिसायला लागतं. दोघांना बाहेर पाठवा, वर्गात चार गोष्टी बदला, खिडकी लावा, पंखा बंद करा, डस्टर खुर्चीवर ठेवा, दोघांचे चष्मे अदलाबदली करा. आत येऊन त्यांनी ओळखायचं: 'यू हॅव क्लोज्ड द विंडो', 'समवन हॅज मूव्ड द डस्टर'. कधी केलं याचा संबंधच नाही, काय झालंय ते डोळ्यासमोर आहे. आणि प्लीज, त्याच तासात 'व्हेन?' विचारून साधा भूतकाळ मधे घुसडू नका, तो उद्या.

'हॅव यू एव्हर'वाला फिरून सही गोळा करायचा गेम इंटरनेटवरून जसाच्या तसा उचलू नका. एक तर बाकं लावलेल्या वर्गात फिरायला जागा कुठे असते, आणि कागद हातात दिला की पोरं सरळ मराठीत, 'ए, तू रेल्वेत बसलायस ना? कर सही.' कागदच देऊ नका. प्रत्येकाला एक प्रश्न पाठ करायला द्या, पुढचा, मागचा आणि बाजूचे अशा चौघांनाच विचारायचं, आणि शेवटी 'थ्री पीपल हॅव' असं सांगायचं. प्रश्न पण आपल्या पोरांचे हवेत. 'हॅव यू एव्हर मिल्क्ड अ काऊ?' हा गावात सगळ्यांचा होकार आणि डोंबिवलीत सगळ्यांचा नकार, म्हणजे दोन्हीकडे फुकट, वर्ग निम्मा-निम्मा होईल असाच प्रश्न निवडा.

'शी गोज'मधला तो एस आठवीपर्यंत का जात नाही माहितीये? कारण आपले सगळे गेम आय आणि यू वर संपतात. जोडीदाराची मुलाखत झाली की त्याचं नाव न सांगता वर्गाला त्याच्याबद्दल सांगायला लावा, 'ही गेट्स अप ॲट फाइव्ह, ही हेट्स भेंडी', आणि वर्गाने ओळखायचं कोण ते.

आउट होण्याचे गेम मला अजिबात आवडत नाहीत. ज्याला येत नाही तो पहिल्या फेरीत बाहेर, आणि ज्याला आधीच येतं तोच शेवटपर्यंत बोलतो. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, पण तुकडीत साठ पोरं असली आणि एका वेळी एकच बोलत असलं तर ३५ मिनिटांच्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिटच येतं, सहा-सहाचे गट करा आणि आवाज थोडा सहन करा. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आठवीतलं पोर आठव्या वर्षी इंग्रजी ऐकतंय, ऐकून झालंय त्याचं, आता बोलू दे. मधेच वाक्य तोडून चूक सुधारू नका, कागदावर टिपून ठेवा आणि शेवटी चार वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहा, पोरंच दुरुस्त करतात.

जाता जाता उच्चार. 'वॉक-एड', 'प्ले-एड' हे आपणच यादी म्हणून घेताना पक्कं करतो. शेवटी ट ऐकू आला की उभं राहायचं, ड आला की बसायचं, इड आला की हात वर, एवढाच गेम. 'वॉक्ट', 'प्लेड', 'वॉन्टेड' असं मिसळून म्हणा आणि हळूहळू स्पीड वाढवा. इड फक्त मूळ क्रियापद ट किंवा डच्या आवाजावर संपतं तिथेच येतो, पण हे आधी सांगू नका, दहा-बारा शब्द झाले की वर्गातलं कुणीतरी स्वतःच ओरडतं.