गाडी तापून बंद पडली? थंड व्हायच्या आत ठिणगी बघा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकला की जुनी पॉइंटवाली गाडी (उघडझाप करणाऱ्या धातूच्या टोकांनी ठिणगी पाडणारी), पद्मिनी असो की अॅम्बेसेडर, रुसतेच. मग बॉनेट उघडून निंबाखाली अर्धा तास बसायचं, आणि गाडी आपोआप सुरू! इथेच फसगत होते. थंड गाडीत दोष सापडत नाही.

बंद पडल्या पडल्या एक प्लग काढा, त्याच्याच वायरला जोडा आणि त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा. वायर रबरी पकडीने धरा. प्लगच्या भोकापासून आणि कार्बोरेटरपासून लांब. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. निळी, कडकडणारी ठिणगी आली तर इग्निशनला उगाच बोल लावू नका. बहुधा उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन नळीत वाट अडलीय. ओलं फडकं फ्युएल पंपावर ठेवा.

ठिणगी पिवळट, मरतुकडी किंवा गायबच? चावी बंद करून फडकं कॉइलच्या (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या डबीच्या) अंगाला गुंडाळा, वरच्या जोडांना पाणी लागू न देता. ठिणगी परतली तर कॉइल बदला. नाहीच परतली तर डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाची) टोपी काढा, पॉइंट आतच असतात. एका पॉइंटवर खड्डा, दुसऱ्यावर टेंगूळ दिसलं तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंटला जोडलेल्या छोट्या डबीवर. पॉइंट पूर्ण उघडल्यावर त्यांच्यातली फट साधारण ०.४ मिमी हवी. जादा कंडेन्सर मी डिकीत नेहमी ठेवतो.