घरच्या टेबलावर मोजमापाची सर्किट बनवताना या चुका टाळा

९ व्होल्टची बॅटरी घ्या. १ मेगओहमचे दोन रेझिस्टर एकामागे एक तिला जोडा आणि मधल्या जोडावर मल्टिमीटर लावा. दोन्ही रेझिस्टर सारखे, तेव्हा निम्मं व्होल्टेज यायला हवं, साडेचार. पण बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारा ८३० जातीचा मीटर तिथे जेमतेम ३ व्होल्ट दाखवतो. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी आधी रेझिस्टर बदलले, मग बॅटरी, मग ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पार्ट खोचायची भोकांची पाटी). दोष त्यातल्या कशातच नव्हता. त्या मीटरचा स्वतःचा रोध १ मेगओहम असतो. तो खालच्या रेझिस्टरला समांतर बसतो, खालची बाजू अर्ध्या मेगओहमची होते, आणि साडेचारचे तीन होतात. १० मेगओहमचा मीटर लावलात तर ४.२९ दिसतील. म्हणजे तोही चुकतोच, फक्त कमी.

मीटर लावला की तो सर्किटचा भाग होतो. घरी बनवलेल्या टेस्टरमधल्या बहुतेक चुका इथूनच निघतात. वायर, क्लिप, ब्रेडबोर्ड, यूएसबीचे ५ व्होल्ट, हे सगळे आकड्यात आपापला वाटा घालतात आणि आपण संशय घेतो तो मात्र मोजायला घेतलेल्या पार्टवर.

आधी हातातल्या मीटरबद्दल दोन गोष्टी. आतली बॅटरी उतरत आली की स्वस्त मीटर जास्तीचे आकडे दाखवू लागतो. कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह दिसलं की त्यानंतरच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवू नका. दुसरं, करंट मोजून झाला की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत लावा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच सप्लायवर टेकवली तर तो सरळ शॉर्ट आहे, आणि ८३० जातीच्या मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूज नसतो.

सप्लाय डळमळीत असेल तर

बहुतेक जण पहिला सप्लाय एलएम ३१७ वर, म्हणजे हवं ते व्होल्टेज ठरवता येणाऱ्या रेगुलेटरवर बांधतात आणि ते योग्यच आहे. पण सुरुवातीला ट्रान्सफॉर्मर आणि डायोडच्या भानगडीत पडू नका, तयार १२ किंवा १५ व्होल्टचा चांगला अॅडॅप्टर घ्या. घरातल्या २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं. उघड्या ब्रेडबोर्डवर त्याला जागा नाही. एलईडी बल्बमधून काढलेली ट्रान्सफॉर्मरशिवायची सर्किटं तर टेस्टरसाठी कधीच वापरू नका. त्यांचं आउटपुट ५ व्होल्टचं दिसलं तरी ते मेन्सपासून वेगळं झालेलं नसतं. हात लागला तर बसणारा धक्का मेन्सचाच.

ट्रान्सफॉर्मर वापरायचाच असेल तर '१२ व्होल्ट' या शब्दावर जाऊ नका. ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) कंडेन्सरवर साडेपंधराच्या आसपास येतात आणि लोड नसताना त्याहून जास्त. तिथे १६ व्होल्टचा कंडेन्सर लावणं म्हणजे तो फुगायची वाट बघणं. २५ किंवा ३५ व्होल्टचाच लावा. त्याची क्षमताही जपून ठरवा. १००० मायक्रोफॅरडवर अर्धा अँपिअर ओढला तर दोन शिखरांच्या मधल्या १० मिलीसेकंदांत व्होल्टेज जवळपास ५ ने खाली येतं. साडेपंधरातून पाच गेले, उरले साडेदहा. ३१७ ला स्वतःसाठी दोन-अडीच व्होल्ट लागतात, त्यामुळे ९ व्होल्टचं आउटपुट दर सेकंदाला १०० वेळा खचतं. मीटर डीसीवर सरासरी दाखवतो, त्याला ही खच दिसतच नाही. तुमचा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) किंवा आर्डुइनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड) मात्र ती बघतो आणि आकडे नाचायला लागतात. २२०० किंवा त्याहून मोठा कंडेन्सर घाला.

३१७ च्या पायांचा घोळ फार होतो. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून अॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. ७८०५ या ठरावीक ५ व्होल्टच्या रेगुलेटरमध्ये तोच क्रम इनपुट, ग्राउंड, आउटपुट असा आहे. ७८०५ ची सवय झालेला हात ३१७ उलटा लावतो. शिवाय ३१७ ची पत्र्याची पाठ आउटपुटला जोडलेली असते आणि ७८०५ ची ग्राउंडला. दोन्ही एकाच हीटसिंकवर अभ्रकाचा तुकडा न घालता कसले की सप्लाय शॉर्ट होतो.

उष्णतेची चूक ओळखायला जरा अवघड आहे. साडेपंधरा आत, पाच बाहेर, करंट अर्धा अँपिअर: सव्वापाच वॅट उष्णता. हीटसिंकशिवाय हा पार्ट दर वॅटला ५० अंशांहून जास्त तापतो, म्हणजे एक-दीड वॅटच्या पुढे त्याची खैर नाही. पण तो जळत नाही, आतली सुरक्षा त्याला बंद करते. मग काही मिनिटं सगळं नीट चालतं, व्होल्टेज पडतं, थोडं निवलं की परत येतं. आपण तासभर लूज वायर शोधत बसतो. अशी लक्षणं दिसली तर आधी पार्टजवळ हात नेऊन बघा. जवळ न्या, टेकवू नका.

आउटपुट आणि अॅडजस्टमधला रेझिस्टर काही जण करंट वाचवायला १ किंवा २ किलोओहमचा घालतात. ३१७ ला नियंत्रणात राहायला स्वतःलाच काही मिलीअँपिअर वाहायला लागतात, वाईटात वाईट पार्टला १०. ते मिळाले नाहीत तर लोड नसताना व्होल्टेज वर चढतं, आणि तुम्ही नाजूक सर्किट जोडता ते नेमकं त्याच वेळी. १२० ओहम घाला, म्हणजे १०.४ मिलीअँपिअर कायम वाहतात. सोबत १ किलोओहमचा पॉट (फिरवून रोध बदलायचा रेझिस्टर) लावला की जास्तीत जास्त ११.७ व्होल्ट निघतात. याचा फायदा असा की पॉटची पट्टी त्याच्या एका टोकाला जोडलेली असेल तर ती क्षणभर सुटली तरी व्होल्टेज याच्या वर उडणार नाही. ५ किलोओहमच्या पॉटने ते थेट इनपुटच्या जवळ गेलं असतं.

हा १२० ओहम रेगुलेटरच्या पायाला अगदी चिकटून लावा. तो दूर, आउटपुटच्या टर्मिनलवर जोडला तर मधल्या वायरमधली घट तशीच न राहता वाढून दिसते. १२ व्होल्टवर ती साडेनऊ पट होते. वायरचा रोध नुसता ०.०५ ओहम आणि करंट १ अँपिअर धरा, जवळजवळ अर्धा व्होल्ट गायब.

५५५ चा कपॅसिटन्स मीटर

५५५ टायमर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बाजारात आहे आणि अजूनही त्याने कंडेन्सर मोजणं हा शिकायचा उत्तम रस्ता आहे. वेळ म्हणजे १.१ गुणिले रोध गुणिले क्षमता. १ मेगओहम आणि १०० नॅनोफॅरड, तर ११० मिलीसेकंद. सूत्र साधं आहे, म्हणून चुका आजूबाजूला होतात.

साधा ५५५ आउटपुट बदलताना क्षणभर सप्लायमधून मोठा करंट ओढतो. त्याच्या १ आणि ८ नंबरच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक नसेल तर हा झटका सगळ्या सर्किटभर फिरतो आणि मोजणी मध्येच संपते. ५ नंबरच्या पायावरही १० नॅनोफॅरड हवा. हे दोन कंडेन्सर सर्किटच्या चित्रात असतात, आणि 'त्याशिवायही चालतंय' म्हणून सगळ्यात आधी तेच गाळले जातात.

लहान कंडेन्सरला ब्रेडबोर्ड नडतो. त्याच्या ओळी, जंपर आणि क्लिपा मिळून २०-३० पिकोफॅरड सहज होतात. १०० पिकोफॅरड मोजताना ही फार मोठी चूक आहे. आधी काहीही न लावता आकडा घ्या आणि तो वजा करा. वायर हलवल्यावर तो आकडाही बदलतो, म्हणून दोन्ही वेळा वायर तशाच पडून राहू द्या.

मोठ्या इलेक्ट्रोलिटिकला उलटा त्रास होतो. सप्लाय ९ व्होल्टचा आणि रोध १ मेगओहमचा असेल तर ५५५ ला हवे असलेले ६ व्होल्ट येता येता रेझिस्टरमधून येणारा करंट फक्त ३ मायक्रोअँपिअर उरतो. जुन्या १००० मायक्रोफॅरडची गळती याहून जास्त असते. मग तो ६ व्होल्टला पोचतच नाही, आउटपुट वरच अडकतं आणि आपण ५५५ फेकून देतो. रोध १० किलोओहम करा, ११ सेकंदांत उत्तर येईल. वर्षानुवर्षं पडून असलेला कंडेन्सर पहिल्यांदा जास्त वेळ घेतो आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा खरा आकडा देतो, तेव्हा पहिल्या मोजणीवर निकाल देऊ नका. आणि लावण्याआधी प्रत्येक कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामा करा.

सिरॅमिकवरचा १०४ हा १०४ पिकोफॅरड नव्हे, १० च्या पुढे चार शून्यं, म्हणजे १०० नॅनोफॅरड. मीटर जुळवताना मात्र सिरॅमिक किंवा इलेक्ट्रोलिटिक प्रमाण म्हणून धरू नका. इलेक्ट्रोलिटिकवर लिहिलेला आकडा २० टक्के इकडे-तिकडे असू शकतो. १ टक्क्याचा फिल्म कंडेन्सर एकदाच घेऊन ठेवा.

आर्डुइनोचा व्होल्टमीटर

इथे एकच चूक सगळीकडे दिसते. कोडमध्ये ५.० लिहिलेलं असतं आणि यूएसबीवर प्रत्यक्षात ४.७५ असतात. मग प्रत्येक आकडा ५ टक्क्यांनी जास्त येतो. १०२४ पायऱ्या आणि ४.८८ मिलीव्होल्टची बारकाई, पण पट्टीच आखूड. आतला १.१ व्होल्टचा संदर्भ वापरा. तो चिपागणिक १.० ते १.२ पर्यंत बदलतो, पण एका चिपमध्ये स्थिर राहतो. तो एकदा बोर्डावरच्या एरेफ (AREF) पायावर मोजा आणि तोच आकडा कोडमध्ये घाला. संदर्भ बदलल्यावर पहिली काही वाचनं टाकून द्या.

डिव्हायडरला, म्हणजे व्होल्टेज विभागून कमी करणाऱ्या रेझिस्टरच्या जोडीला, १ मेगओहम आणि १०० किलोओहम घेतलेत तर सुरुवातीला सांगितलेला मीटरचाच त्रास वेगळ्या रूपात परत येतो. चिपच्या आतला छोटा कंडेन्सर वेळेत भरत नाही. त्याला १० किलोओहमच्या आतला स्रोत लागतो. खालच्या रेझिस्टरला समांतर ०.१ मायक्रोफॅरड लावलात की काम होतं.

ओहमच्या खालची मोजणी

मीटरचे दोन प्रोब एकमेकांना टेकवा, ०.३ ते ०.५ ओहम दिसेल. ज्याची वायरच अर्धा ओहम आहे त्याने रिलेचा ०.०५ ओहमचा कॉन्टॅक्ट कसा मोजायचा? करंट एका जोडीने पाठवा आणि व्होल्टेज दुसऱ्या जोडीने मोजा. ३१७ ने १०० मिलीअँपिअरचा स्थिर करंट करा, त्यासाठी आउटपुट आणि अॅडजस्टमध्ये साडेबारा ओहम लागतात. मीटर २०० मिलीव्होल्टच्या रेंजवर ठेवला की १ मिलीव्होल्ट म्हणजे १० मिलीओहम. मीटरचे प्रोब वस्तूच्या पायावरच, करंटच्या क्लिपांच्या आत टेकवायचे. ते क्लिपांवर टेकवले तर चार वायर असूनही क्लिपेचा रोध मोजला जातो. ही चूक इतकी सहज होते की एकदा मुद्दाम दोन्ही तऱ्हांनी मोजून फरक बघाच. आणि मीटर सगळ्यात शेवटी जोडा, आधी काढा, कारण वस्तू सुटली की तिथे पूर्ण सप्लाय उभा राहतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाल तेव्हा जुळवणीसाठी एवढं घ्या: १ टक्क्याचे १ ओहमचे दहा रेझिस्टर (समांतर जोडले की ०.१ ओहम), १ टक्क्याचा १० किलोओहम, एक फिल्म कंडेन्सर आणि एक टीएल ४३१ (नेमकं व्होल्टेज देणारी संदर्भाची चिप). टीएल ४३१ चे रेफरन्स आणि कॅथोड एकत्र जोडून ९ व्होल्टच्या बॅटरीवर १ किलोओहममधून चालवला की २.४९५ व्होल्ट मिळतात. नावामागचं अक्षर बघून घ्या, ए असेल तर १ टक्का, बी असेल तर अर्धा टक्का. हे सगळं एका डबीत ठेवा, आकडे डबीच्या झाकणावर लिहा, आणि नवा टेस्टर पहिल्यांदा चालू केलात की अनोळखी पार्टच्या आधी डबीतला पार्ट लावा.