मनूचा वाढदिवस आम्ही कसा करतो

आमची लेक मनू लहानपणीच ब्लड कॅन्सरमध्ये गेली. आमच्याकडे एवढ्या लहान लेकराचं श्राद्ध करत नाहीत. त्यामुळे मनूची आठवण काढायला ठरलेला दिवसच नाही, तो आपणच ठरवायचा. मी तिचा वाढदिवस धरला. ती गेली तो दिवस धरला असता तर दरवर्षी दवाखानाच आठवत बसले असते.

आधी मोबाइलचं काम उरका. फोन बदलताना व्हॉट्सॲपवरचे बोलके मेसेज जाऊ शकतात. लेकराचा आवाज पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, एक प्रत मावशीकडे ठेवा. कपडे, वह्या ठेवा हवं तेवढं. केमोच्या उरलेल्या गोळ्या मात्र ठेवू नका, कचऱ्यातही टाकू नका. रुग्णालयाच्या औषध विभागात विचारून परत करा.

जेवायला काय करायचं? पथ्यात जे बंद होतं तेच. ब्लड कॅन्सरच्या उपचारात पांढऱ्या पेशी उतरतात, जंतुसंसर्गाची भीती, म्हणून बाहेरचं सगळं बंद. मनू पाणीपुरीसाठी हटून बसायची. आता त्या दिवशी घरी पाणीपुरीच, चांगली झणझणीत. केक आणत नाही. मेणबत्ती कुणी विझवायची, हा प्रश्नच नको.

काही द्यावंसं वाटलं तर रक्त द्या. जुनी मऊ खेळणी वॉर्डात नेऊ नका, त्याच जंतूंच्या भीतीने तिथे ती चालत नाहीत. मनूचा वाढदिवस मे महिन्यात. कॉलेजांना सुट्ट्या, शिबिरं कमी, रक्ताची टंचाई नेमकी तेव्हाच. वय १८ ते ६५ हवं; पुरुषांना ३ महिन्यांनी परत देता येतं, बायकांना ४ महिन्यांनी. प्लेटलेट तर ५ दिवसच टिकतात. म्हणून सगळं गणगोत एकाच दिवशी नेऊन उभं करण्यापेक्षा रक्तपेढीला फोन करा, कोण कधी हवं ते विचारा. तारीख पुढेमागे झाली तर होऊ द्या.

आता पाहुण्यांसाठी. "देवाला आवडली" म्हणू नका. देवाच्या आवडीनिवडी आम्हाला नका सांगू. तिचं नाव घ्या, तिचा एखादा आगाऊपणा सांगा. आई रडली तर रडू दे, पाणी आणायला धावू नका.

आणि भावाला "आता तूच एक" असं कुणी म्हणायचं नाही. "भावंडं किती?" असं शाळेत विचारलं तर काय सांगायचं, ते त्याचं त्याला ठरवू द्या. आमचा कधी "एक बहीण" म्हणतो, कधी विषयच बदलतो. आम्ही टोकत नाही.