पिकाच्या शेतात झाडांच्या ओळी: अंतर, मुळं आणि छाटणी

शेतातल्या झाडांच्या तक्रारी सहसा पाचव्या-सहाव्या वर्षी सुरू होतात. ट्रॅक्टर फांद्यांत अडकतो, ओळीलगतचं पीक पिवळं पडतं आणि एवढी वाढलेली झाडं तोडायला हातही उचलत नाही. यातलं बरंचसं लागवडीआधी कागदावरच टाळता येतं. म्हणून रोपांची चौकशी करण्याआधी टेप घेऊन शेतात जा.

अंतर यंत्रावरून ठरतं

शेतात फिरणाऱ्या सर्वांत रुंद यंत्राची रुंदी मोजा. बहुतेक वेळा ते फवारणीचं बूम, म्हणजे ट्रॅक्टरमागची नोझल लावलेली आडवी दांडी, असतं. बूम ६ मीटरचं असेल, तर पिकाचा पट्टा ६ च्या पटीत हवा: १२, १८ किंवा २४ मीटर. १२ मीटरच्या पट्ट्यात झाडांच्या ओळीच्या दोन्ही बाजूंची एकेक मीटर न नांगरलेली जागा मिळवली, की ओळ ते ओळ अंतर १४ मीटर होतं. ओळीत दोन झाडांमध्ये ४ मीटर ठेवले, तर प्रत्येक झाडाच्या वाट्याला ५६ चौरस मीटर जमीन येते; म्हणजे हेक्टरी १७८ झाडं, एकरी ७२. पट्टा चुकून १३ मीटरचा झाला, तर दर फवारणीला एक मीटर तरी दुबार भिजतो किंवा कोरडा राहतो. ही चूक झाडं उभी असेपर्यंत सुधारता येत नाही.

ओळी बांधापर्यंत नेऊ नका. दोन्ही टोकांना ट्रॅक्टर अवजारासह वळेल इतकी जागा मोकळी लागते, साधारण ८ ते १० मीटर. आपल्याच ट्रॅक्टरला आपलंच सर्वांत लांब अवजार जोडून वळवून पाहा आणि खुंटी ठोका.

पट्ट्यात पीक किती वर्षं घ्यायचं, हेही आत्ताच ठरवा. ओळींमधलं अंतर झाडाच्या शेवटच्या उंचीच्या दुप्पट असेल, तर झाड तोडणीला येईपर्यंत पीक बऱ्यापैकी येत राहतं, असा ठोकताळा आहे. १२ मीटर उंच होणाऱ्या झाडाला या हिशोबानं २४ मीटरचं अंतर लागेल. १४ मीटरच ठेवलं, तर अखेरच्या वर्षांत धान्य सोडून सावली सोसणारं पीक किंवा चारा घ्यावा लागेल. दोन्ही पर्याय चांगले आहेत. मात्र कोणता घेतला आहे, हे पहिल्या दिवशी माहीत असावं.

ओळींची दिशा ठरवताना आधी उतार पाहा. जमीन उताराची असेल, तर ओळी समपातळीवरच हव्यात; उभ्या उतारावर ओळ घातली, तर तिच्या कडेनं पाणी वाट काढतं आणि माती घेऊन जातं. जमीन सपाट असेल, तर सूर्याचा विचार करा. दक्षिणोत्तर ओळींची सावली सकाळी पश्चिमेला आणि दुपारनंतर पूर्वेला सरकते, त्यामुळे पट्ट्याला ऊन सारखं वाटलं जातं. पूर्व-पश्चिम ओळींचं तसं नाही. पिकाच्या हंगामात सूर्य डोक्यावर असेल, तर त्यांची सावली जवळजवळ ओळीखालीच राहते. पण सूर्य कलता असलेल्या हंगामात ओळीच्या एकाच बाजूचा पट्टा दिवसभर सावटात जातो. म्हणजे मुख्य पीक कोणत्या हंगामात घेता, त्यावर दिशा ठरते.

वारा अडवायचा असेल तर

वाराविरोधी पट्टा वाऱ्याच्या दिशेला आडवा लागतो आणि तो भिंतीसारखा गच्च नको. गच्च पट्ट्यावरून वारा उसळून पलीकडे भोवरे घेत खाली येतो आणि उभं पीक लोळवतो. पट्ट्यातून निम्म्याच्या आसपास वारा गाळून जाऊ द्यावा, म्हणजे समोरून पाहिलं तर ४० ते ५० टक्के उजेड आरपार दिसला पाहिजे. अशा पट्ट्याचा आडोसा वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला झाडाच्या उंचीच्या १० पट अंतरापर्यंत चांगला मिळतो. त्यापुढे तो हळूहळू कमी होतो. पट्ट्याची लांबी उंचीच्या किमान १० पट ठेवा, कारण टोकांना वळसा घालून येणारा वारा जास्त वेगाचा असतो. मधे वाटेसाठी फट सोडायची असेल, तर ती तिरकी सोडा. सरळ फटीतून वारा नळीतून आल्यासारखा येतो. खालच्या फांद्या तोडून खोडं उघडी केली, की जमिनीलगत तसंच होतं. म्हणून उंच झाडांच्या बाजूला झुडपांची एक ओळ हवी.

झाड निवडताना

वाढ किती वेगाची, एवढंच पाहून निवड करू नका. पालवी कधी येते आणि पानं कधी झडतात, ते पिकाच्या हंगामाशी ताडून पाहा. आफ्रिकेतल्या कोरड्या भागांत फेडर्बिया अल्बिडा हे बाभळीच्या जवळचं झाड पावसाळ्यात निष्पर्ण असतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं. म्हणून त्याच्याखाली बाजरी-ज्वारी घेतात. इतका सोयीचा मेळ क्वचित मिळतो, पण उशिरा पालवणारं, विरळ पानांचं, सरळ खोडाचं झाड शोधता येतं.

नत्राबाबत एक गैरसमज जागोजागी भेटतो. शेंगा येतात म्हणून झाड हवेतला नत्र धरतंच, असं नाही. गिरिपुष्प, सुबाभूळ, शेवरी, हादगा, पांगारा यांच्या मुळांवर गाठी येतात. चिंच आणि काशीद यांच्या मुळांवर येत नाहीत. उलट सुरूच्या झाडाला शेंगा नाहीत, तरी वेगळ्या जिवाणूच्या साथीनं तो नत्र धरतो. शिवाय हा नत्र झाडाच्या पाल्यातच राहतो. पाला कापून पट्ट्यात पसरला, तरच तो पिकाच्या वाट्याला येतो. गिरिपुष्पाचं कुंपण अर्धा ते एक मीटर उंचीवर वर्षातून दोन-तीनदा छाटून कोवळा पाला पेरणीच्या आसपास जमिनीवर घातला, की तो लवकर कुजतो.

पाला जनावरांना घालणार असाल, तर जपून. सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं. गाई-म्हशींच्या चाऱ्यात तिचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या खालीच ठेवा. घोड्यांना ती घालू नका, केस झडतात. गिरिपुष्पाचं उंदीरमारी हे नाव उगाच पडलेलं नाही: बी आणि साल विषारी असतात. सुबाभूळ शेंगा पिकण्याआधी छाटली नाही, तर पुढची कित्येक वर्षं तिची रोपं उपटत बसावं लागतं. निलगिरी आणि अक्रोड यांच्या पाल्यातली व मुळांतली द्रव्यं काही पिकांची वाढ रोखतात. ती झाडं ओळींऐवजी वेगळ्या तुकड्यात बरी.

भूमिगत निचऱ्याच्या पाइपांवर आणि विजेच्या तारांखाली कोणतंही झाड नको. मुळं पाइपाच्या सांध्यांत शिरून जाळं करतात, आणि तारांखालच्या झाडाचा शेंडा दरवर्षी तोडावाच लागतो. तोडणी आणि वाहतुकीचे नियम त्या-त्या झाडाचे वेगळे असतात. ते लागवडीआधीच विचारून घ्या आणि रोपांची संख्या, तारीख, जागा लिहून ठेवा.

रोप, खड्डा आणि लागवड

सर्वांत उंच रोप सर्वांत चांगलं नसतं. पिशवीच्या मानानं फार वाढलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी वेटोळं घालतं. असं झाड चार वर्षं बरं दिसतं आणि पुढे वाऱ्यात मुळासकट पडतं. खोड करंगळीएवढं, रोप दोन ते अडीच फूट आणि पिशवीखालून मूळ बाहेर न आलेलं, असं निवडा. लावताना पिशवी पूर्ण काढा, धारदार चाकूनं तळाची दोन सेंटिमीटर माती वेटोळ्यासकट कापून टाका आणि गोल फिरलेली मुळं उभी चिरा.

वनवृक्षांना ४५ सेंटिमीटर लांबी, रुंदी व खोलीचा खड्डा पुरतो, फळझाडांना ६० चा. वरची माती वेगळी, खालची वेगळी टाका. भरताना वरची माती मुळांपाशी जाते. चिकण जमिनीत मशिननं पाडलेल्या गोल खड्ड्याच्या भिंती ओल्या मातीत चोपून गुळगुळीत होतात आणि मुळं कुंडीत असल्यासारखी आतच फिरत राहतात. अशा भिंती पहारीनं खरवडून घ्या, आणि वाफसा आल्याखेरीज खड्डे पाडू नका. खोड आणि मूळ यांचा सांधा जमिनीच्या पातळीत ठेवा. तो पुरला गेला, तर साल कुजते. भरलेली माती खचून सांधा खाली जातो, म्हणून ती थराथरानं पायानं दाबा.

लाकडासाठी झाडं असतील, तर ओळीत ४ ऐवजी २ मीटरवर लावा. नंतर वाकडी, दुबेळक्याची, रोगट झाडं काढून चांगली निवडता येतात. पहिल्या पावसाळ्यानंतर मोजणी करा आणि नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, लगेच भरा. दोन वर्षांनी भरलेलं रोप शेजारच्या झाडांच्या सावलीत खुरटतं.

पहिली तीन वर्षं

या काळात रोपांचा सर्वांत मोठा वैरी गवत असतो. त्याची मुळं वरच्या थरात दाट पसरतात आणि प्रत्येक सरीचं पाणी आधी उचलतात. गवत नुसतं कापून भागत नाही, कापलेलं गवत जोमानं फुटतं. प्रत्येक झाडाभोवती एक मीटर व्यासाचं वर्तुळ तीन वर्षं पूर्ण स्वच्छ ठेवा आणि त्यावर १० सेंटिमीटर जाडीचं पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. आच्छादन खोडाला टेकू देऊ नका, एक वीत मोकळी सोडा. नाहीतर वाळवी, उंदीर आणि बुरशी तिथूनच सुरुवात करतात. पाणी रोज थोडं देण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी भरपूर द्या. रोजच्या पाण्यानं मुळं वरच राहतात आणि पुढे पिकाशी भांडतात.

मुळांना खाली वळवणं

ओळीलगतचं पीक दबतं, त्याला आपण वसवा म्हणतो आणि दोष सावलीला देतो. कोरडवाहू शेतात निम्मी लढाई जमिनीखाली असते. उपाय पहिल्याच वर्षापासून करायचा असतो: ओळीलगतची एक मीटर जागा सोडून तिथपर्यंत दरवर्षी न चुकता मशागत करा. वरची बारीक मुळं दरवर्षी तुटली, की झाड खालच्या थरात मुळं सोडतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून ओळीपासून सव्वा ते दीड मीटरवर सबसॉयलर (माती न उलटता खोल चिरणारं अवजार) ५० ते ६० सेंटिमीटर खोल चालवा. एका वर्षी एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी. पाच-सात वर्षं पट्टा पडीक ठेवून मग एकदम खोल नांगरट केली, तर मनगटाएवढी मुळं तुटतात, झाडाचा आधार जातो आणि जखमांतून कुज शिरते. मधे खंड पडला असेल, तर ओळीपासून दूर राहा, खोली कमी ठेवा.

छाटणी

फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं असतं. त्याच्या लगत बाहेरून कापा. कडं कापलं तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तो कुजून लाकडात छिद्र करतो. फांदी दोन-तीन सेंटिमीटर जाड होण्याआधी काढली, तर एका कात्रीत काम होतं आणि गाठ लहान राहते. जाड फांदीला तीन काप लागतात: खोडापासून एक वीत अंतरावर खालून अर्धवट, त्याच्या थोडं पुढे वरून आरपार, आणि मग उरलेला खुंट कड्यालगत. थेट वरून कापलं, तर फांदी पडताना खोडाची साल सोलत जाते. जखमेवर रंग लावायची गरज नसते.

एका वेळी पानोऱ्याचा, म्हणजे पानाफांद्यांच्या घेराचा, तिसरा हिस्साच काढा आणि उंचीच्या निम्म्या भागावर पानं राहू द्या. हाव धरून खोड वरपर्यंत उघडं केलं, की त्यावर पाणफुटवे येतात आणि झाड शेंडाजड होऊन वाकतं.

जनावरं आणि जुनी झाडी

शेळी मागच्या पायांवर उभी राहून माणसाच्या डोक्याच्या उंचीचा शेंडा खाते. गाय-म्हैस खाण्यापेक्षा अंग घासून जास्त मोडते. शेंडा जनावराच्या तोंडाबाहेर गेला आणि अंग घासल्यावर खोड वाकलं नाही, तरच जनावरं मोकळी सोडा. तोपर्यंत दोन मीटर उंचीचं काटेरी संरक्षण किंवा आखूड दावं. चारा आणि पाणी झाडाखाली ठेवू नका. रोज तिथेच बसलेल्या जनावरांनी जमीन घट्ट होते आणि मोठी झाडंही वरून वाळू लागतात.

शेतात आधीपासून झुडपं आणि जुने बुंधे असतील, तर नवी रोपं आणण्याआधी तेच पाहा. १९८० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनाउडो यांनी शेतातल्या जिवंत बुंध्यांचे फुटवे राखण्याची पद्धत शेतकऱ्यांसोबत सुरू केली आणि पुढे लाखो हेक्टरवर झाडं पुन्हा उभी राहिली. करायचं एवढंच: बुंध्यावरचे तीन ते पाच सरळ, जोमदार फुटवे ठेवा, बाकीचे काढा, ठेवलेल्यांच्या खालच्या निम्म्या भागावरच्या फांद्या छाटा. मग दर एक-दोन वर्षांनी एकेक फुटवा कापून वापरायला घ्या. जुन्या मुळांमुळे हे फुटवे रोपाच्या कितीतरी पुढे धावतात आणि त्यांना पाणी द्यावं लागत नाही.

विरळणी आणि तोडणी

ओळीतल्या झाडांचे पानोरे एकमेकांना टेकले, की विरळणीची वेळ झाली. काढायच्या झाडांवर पानं असतानाच खुणा करा, तेव्हाच दाटी नीट दिसते. झाड ओळीच्या दिशेनं पाडा, म्हणजे पट्ट्यातलं पीक वाचतं. पुन्हा फुटवे हवे असतील, तर जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर तिरका काप द्या. पाणी त्यावरून निथळलं पाहिजे, आणि साल फाटू न देता करवतीनं कापलेल्या बुंध्यावर फुटवे भक्कम येतात.