आज्ज्याची बंडी आणि न दिलेली फिर्याद: बेळगावकडची रहस्यकथा कशी लिहायची

रहस्यकथा लिहायची म्हटलं की आपल्याकडची पोरं पण थेट मुंबईत जातात, गोदी, लाँच, दुबईचा शेठ वगैरे, आणि इकडं खानापूरपासून रान ओलांडलं की चक्क परदेशाची सरहद्द होती हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. 19 डिसेंबर 1961 पर्यंत गोवा म्हंजे पोर्तुगाल. तिकडं सोनं, घड्याळं, व्हिस्की, नायलॉनचं कापड उघड दुकानात, इकडं सोनं बाहेरून आणायला बंदी आणि वर दारूबंदी, कारण बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं. माल यायच्या वाटा म्हंजे कणकुंबी, चोर्ला, जांबोटीचं रान, चंदगडाकडून तिलारीची उतरण, खाली कॅसल रॉक. 1955 ला गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांच्या गोळ्या चालल्या, भारताने सरहद्द बंद केली, कॅसल रॉकच्या पुढं गोव्यातल्या कुळेला जाणारी रेल्वेगाडी थांबली. वाट बंद झाली की पलीकडच्या मालाला भाव येतो, एवढं अर्थशास्त्र आपल्या आज्ज्यांना शाळेत न जाता पण कळत होतं.

तर अशा एका घराचं जुनं स्मगलिंग आज बाहेर येतंय आणि त्यात एक खून होतोय, ही कथा कशी उभी करायची ते सांगते. मी स्वतः तीनदा लिहून फाडलंय, चौथ्यांदा जमलं, आणि जमलं ते एकाच गोष्टीमुळं म्हणून तीच आधी.

सोन्यापासून सुरू करू नका. माळ्यावर पेटी सापडली, पेटीत बिस्किटं सापडली आणि सगळे त्याच्या मागं लागले, हे वाचकाला दुसऱ्या पानावर कळतं आणि मग तो फक्त कोण मरतंय ते मोजत बसतो. तुम्ही शोधायची ती फिर्याद, जी त्या घरातल्या कुणाला तरी देता आली नाही. चोरट्या मालात भागीदाराने फसवलं तर पोलिसात कोण जाणार? भावाने भावाचा वाटा गिळला तर कोर्टात काय सांगणार, साहेब माझी गोव्याची बिस्किटं याने ढापली म्हणून? नाय सांगता येत. म्हणून ती गोष्ट घरातच राहते, जेवताना कुणीतरी कुणाशी बोलत नाही, एका काकाच्या लग्नाला एक अख्खी शाखा येत नाही, आणि पोरांना कारण कुणी सांगत नाही. साठ वर्षांनी जो खून होतो तो त्या न दिलेल्या फिर्यादीचा. हे एकदा ठरलं की बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं.

आता अशी फिर्याद कुठं सापडते, एक उदाहरण देते, हे वापरलं तरी चालेल. समजा आज्ज्याने सोन्याच्या पैशातून आठ एकर घेतली. स्वतःच्या नावावर घेतली तर विचारणार, एवढा पैसा कुठला? म्हणून घेतली एका विश्वासातल्या माणसाच्या नावावर, आणि कसायला दिली दुसऱ्याच एकाला, कुळ म्हणून. इथं आपल्या कर्नाटकाचा कायदा तुमच्या मदतीला येतो. 1 मार्च 1974 पासून कुळं असलेली जमीन सरकारजमा झाली आणि कसणाऱ्याने फॉर्म 7 भरून ट्रिब्युनलकडं हक्क मागायचा, असं ठरलं. कुळाने फॉर्म भरला. आता आज्ज्याने ट्रिब्युनलसमोर उभं राहून काय सांगायचं, की ही जमीन माझी, त्या कागदावरच्या माणसाची नव्हेच, आणि पैसा अमुक मार्गाने आला? तो गप्प बसला, जमीन गेली. कुळाचं काही चुकलेलं नाही, तो घाम गाळून कसत होता, कायद्याने त्याला दिली. आणि आज्ज्याच्या घराला वाटतंय आपल्याला लुटलं. दोघंही आपापल्या जागी खरे, अशी भांडणंच खुनापर्यंत जातात, आणि तुम्ही कुणाची बाजू न घेता लिहू शकता हे सगळ्यात मोठं.

हे आज वर कसं येणार, तर रस्ता. बेळगाव-खानापूर-लोंढा-गोवा हायवे रुंद होतोय म्हटलं की जमिनीचा मोबदला आला, मोबदला आला की उतारे काढायचे, वारसा लावायची, आणि तीस वर्षं न बोललेली भावंडं एका टेबलाला बसतात. माळा साफ करताना पेटी सापडण्यापेक्षा हे शंभरपट खरं वाटतं, कारण आपल्या गावागावात हे चाललंय.

कागदांबद्दल मात्र जीव लावून काम करा. माझी पहिली कथा एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी परत पाठवली होती, कारण 1967 च्या खरेदीखताच्या स्टँप पेपरवर मी कर्नाटक असं छापलेलं दाखवलं होतं. तेव्हा वाईट वाटलं पण ते बरोबर होते, राज्याचं नाव 1 नोव्हेंबर 1973 पर्यंत म्हैसूर होतं. मग लक्षात आलं की अरे हाच तर सुगावा आहे! जो कागद 1967 चा म्हणून पुढं केला जातोय त्यावर कर्नाटक असेल तर तो नंतर बनवलाय. असे बरेच सापडतात. दशमान पैसे 1 एप्रिल 1957 ला आले, म्हणून 1955 च्या हिशोबाच्या चिठ्ठीत आणे पाहिजेत, त्यात नवे पैसे आले तर चिठ्ठी खोटी. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र 15 ऑगस्ट 1972 च्या आधीचं असूच शकत नाही. गोव्यात पण 1959 ला रुपया जाऊन एस्कुदो आला, म्हणजे "1955 नंतर मी गोव्याचं तोंड पाहिलं नाही" म्हणणाऱ्याच्या डब्यात 1959 सालचा एस्कुदो निघाला तर तो खोटं बोलतोय हे नातवाला पण कळेल, पोलीस लागत नाहीत.

आणि एक, ज्याच्यावर मी अजून कथा लिहिलेली नाही पण कुणीतरी लिहाच. चंदगड तालुका 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. दुसऱ्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड कोल्हापूरला जोडला. दोन भाऊ, एक चंदगडात एक खानापुरात, एका रात्रीत दोन राज्यांत. एकाची केस इकडं, साक्षीदार तिकडं. त्या गोंधळात एखादी फाईल कुठं गेली हे शोधणं म्हंजेच अर्धी कादंबरी.

बरं, आता वस्तू. प्रत्येक कथेत एक वस्तू अशी पाहिजे जी वाचकाने हातात धरल्यासारखी वाटली पाहिजे. माझ्या कथेत बंडी होती. जाड मांजरपाटाची, बिनबाह्यांची, आतून ओळीने खिसे. त्या काळी चोरटं सोनं यायचं ते बहुतेक दहा तोळ्याच्या बिस्किटात, एक बिस्कीट म्हंजे 116.64 ग्रॅम, आगपेटीपेक्षा लहान. शंभर बिस्किटं अंगावर घेतली की साडेअकरा किलोच्या वर जातं, आणि ते घेऊन घाट चढायचा, पावसात, जळवांतून, बॅटरी न लावता. हे वजन लिहा. माणूस कसा चालेल, बसताना कसा हळू बसेल, खांद्यावर काय वळ उठतील. माझ्या कथेतला नातू बंडी नाकाला लावतो तर कडुनिंबाच्या पाल्याचा वास, आणि प्रत्येक खिशाच्या तोंडाला दुहेरी टाका, मधे एक सोडून एक उलटा. तो टाका त्याने कुठंतरी पाहिलेला असतो. पहिल्या प्रकरणात पाहुणा रात्री झोपतो ती वाकळ, आज्जीने शिवलेली, तिच्या काठाला तोच टाका. मी ते पहिल्या प्रकरणात एका ओळीत टाकून दिलं होतं, "काठाचे उलटसुलट टाके पायाच्या अंगठ्याला लागत होते" एवढंच. कुणाच्या लक्षात येत नाही. मग अठराव्या प्रकरणात कळतं की ज्या आज्जीला काहीच माहीत नव्हतं असं अख्खं घर सांगतंय, तिने खिसे मोजून शिवले होते. बायका या धंद्यात कुठंच दिसत नाहीत आपल्या कथांत, आणि शिवणारी, पिठाच्या डब्यात लपवणारी, दारात कस्टमवाल्याला पाणी देणारी कोण होती मग?

सांगाडा घालायचा मोह होतो. घाला, पण आपल्या घाटातला पाऊस आणि तांबडी माती लक्षात घ्या, अशा मातीत हाडं टिकत नाहीत, साठ वर्षांनी अख्खा सांगाडा निघाला तर वाचक मान हलवेल. कोरडी जागा शोधा, नाहीतर पाण्याखालची. हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं, लोक बघायला जातात. तिथं जाऊन उभं राहून बघा एकदा, कथेची सुरुवात डोळ्यासमोर येते. आणि हाडांवरून साल सांगणारा डॉक्टर दाखवू नका, साल सांगायचं काम बटन, नाणं, बुटाची नाल यांना द्या.

भाषेचं आता, कारण सीमाभागात लिहिताना ही गोष्ट फुकट मिळते आणि कुणी वापरत नाही. स्टेशनला जबाब कन्नडात लिहिला जातो, म्हातारी बोलते मराठीत, मधे एक हवालदार. ती म्हणते "माझ्या दिरानं नेलं ओ साहेब." तो लिहितो मैदुन. आता कन्नडात मैदुन म्हटलं की सहसा धाकटा, नवऱ्याचा नाहीतर बायकोचा भाऊ, थोरल्याला भाव म्हणतात. म्हातारी बोलत होती थोरल्या दिराबद्दल. कागदावर संशय धाकट्यावर गेला आणि तो बिचारा आयुष्यभर गावाबाहेर राहिला. हवालदार वाईट नव्हता, त्याने त्याच्या भाषेत बरोबरच लिहिलं. असा घोळ आपल्याच जमिनीत उगवतो, आणि तो लिहिताना कन्नड माणसाला खलनायक करू नका हे माझं कळकळीचं सांगणं आहे, आपण रोज एकाच बाजारात भाजी घेतो.

कायद्याचं थोडक्यात. सोन्याच्या लगडी, बिस्किटं घरात ठेवणं हाच 1968 च्या कायद्याने गुन्हा होता आणि तो कायदा 1990 ला रद्द झाला, म्हणजे त्या बावीस वर्षांत आज्ज्याची भीती खरी होती. 1974 च्या कॉफेपोसा या तस्करीविरोधी कायद्यात खटला न चालवता आत टाकता यायचं, आणि 1976 च्या कायद्याने अशा माणसाची मालमत्ता, नातेवाइकांच्या नावावरची सुद्धा, सरकारला घेता यायची, पैसा कष्टाचा हे तुम्हीच सिद्ध करायचं. आणीबाणीत घर रातोरात का विकलं, याचं उत्तर इथं आहे. आजचा खून दाखवताना 302 लिहू नका, 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेचा 103 आहे.

आज्ज्याला चांगला करायचा की वाईट? आपल्या भागातल्या कितीतरी घरांत "आमचा आज्जा गोवामुक्तीत होता" असं सांगतात, आणि खरंच होते लोक, बेळगाव त्या लढ्याचा तळच होता. त्याच रानवाटांनी पत्रकं नेणारा पण चालायचा आणि सोनं आणणारा पण. तुमच्या आज्ज्याने दोन्ही केलं असेल तर? तसंच लिहा. घरच्यांनी भिंतीवर लावलेला हार खोटा नाही आणि बंडी पण खोटी नाही. मला या प्रश्नाचं उत्तर कथेत देता आलं नाही आणि मी द्यायचा प्रयत्न पण सोडून दिला.

उलगडा पोलिसांच्या तोंडून करू नका, दोन पानं भाषण होतं. आज्जीला वाकळीला टाका घालत बसवा, नातू समोर बंडी ठेवतो.

"आज्जी, ही तू शिवलीस?"

"ठेव की तिथं. चष्मा दे."

ती चष्मा लावते, खिसे बोटानं मोजते, सगळे, शेवटपर्यंत. मग म्हणते, "हेच्यातले बारा तुझ्या थोरल्या आज्ज्यानं काढलेले. मी रातभर मोजलीती. कुणाला सांगणार?" यापुढं तिला काही बोलायला लावू नका. बंडी मुद्देमालात जाते, स्टेशनातून पावती मिळते ती कन्नडात, आणि आज्जीला ती नातवानेच वाचून दाखवायची.