जाड लोकरीचं कापड शोधताना नाव नको, वजन विचारा

माझी पहिली चूक औंसांची. ‘२४ औंस मेल्टन’ (मेल्टन म्हणजे घट्ट विणीचं जाड लोकरी कापड) असं वाचून मी तीन मीटर मागवलं. डोक्यात होता डोंगरावर वाऱ्यात घालायचा, डोक्यावरून चढवायचा, मोठ्या टोपीचा अनोरक. पार्सल उघडलं तर हाताला ब्लेझरचं कापड लागलं. चांगलं होतं, घट्ट विणीचं होतं, पण मला हवं होतं त्यापेक्षा कितीतरी पातळ. मी तावातावाने विकणाऱ्याला लिहिलं आणि त्याचं उत्तर वाचून गप्प बसले, कारण खोटं तो बोललाच नव्हता.

औंस दोन तऱ्हांनी सांगतात. काही जण चौरस वाराचं वजन सांगतात, तर काही जण पूर्ण पन्ह्यासकट एक वार लांबीचं. पन्हा ६० इंच असेल तर एक वार लांबीत १.६७ चौरस वार कापड असतं. म्हणजे माझे २४ औंस चौरस वाराला मोजले तर १४.४ च भरले. चौरस वाराला १ औंस म्हणजे साधारण ३४ जीएसएम, अर्थात चौरस मीटरला ३४ ग्रॅम. मी ८१० जीएसएम धरून बसले होते आणि घरात आलं ४९०. तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते, ‘जीएसएम किती?’ उत्तर औंसात आलं तर पुढचा प्रश्न, ‘चौरस वाराला की लांबीच्या वाराला? आणि पन्हा किती?’ ज्याला हे सांगता येत नाही त्याच्याकडून मी आधी नमुन्याचा तुकडाच मागवते.

किती जाड हवं हे कशासाठी शिवताय त्यावर ठरतं. २५० ते ३५० जीएसएममध्ये जाडसर शर्ट होतो. चालताना अंगात राहील असा अनोरक किंवा जॅकेट ४०० ते ५५० मध्ये. ६०० च्या पुढचं कापड बसून राहण्यासाठी: शेकोटीजवळचा कोट, पक्षी बघत तासन्‌तास एका जागी थांबायचं असेल तर, आणि हातमोजे. लोकांना पहिल्यांदा ८०० चं कापड हवं असतं, मलाही हवं होतं. पण ते अंगात घालून चढ चढायला लागलं की दहा मिनिटांत काढून पाठीवर बांधावं लागतं, आणि मग ते पाठीवरचं ओझं. माझ्या त्या ‘फसलेल्या’ ४९० चा अनोरक मी आजही सर्वांत जास्त वापरते, हे इथे कबूल करून टाकते.

वजनाखालोखाल बघायचा तो घट्टपणा. एकाच वजनाची दोन कापडं, एक फुगीर ब्लँकेटचं आणि एक मेल्टन, वाऱ्यात अगदी वेगळी वागतात. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि रगडणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं, विणीची भोकं बुजतात. मेल्टन, लोडेन, डफल, कर्सी ही सगळी अशी आटवून घट्ट केलेली कापडं. यातली मेल्टन, डफल आणि कर्सी ही नावं मुळात गावांची आहेत. नावाने शोधा, पण नावावर विसंबू नका. मेल्टन म्हणून काय काय विकतात ते मी बघितलंय.

परीक्षा सोपी. कापड ओठांना घट्ट लावा आणि फुंका. तळहात पलीकडे धरा. फुंकर सहज तळहाताला लागली तर ते कापड एकटं वाऱ्याला टिकणार नाही, वरून पातळ विंडचीटर लागेल. गाल फुगवून फुंकावं लागलं तर घ्या. ‘बॉइल्ड वूल’ नावाचा प्रकार इथे बरोबर उघडा पडतो: दिसायला जाड, पण बहुतेक वेळा मुळात तो मागावर विणलेला नसून स्वेटरसारखा गुंफलेला असतो. ताणला जातो, कोपरावर पोंगा येतो. मऊ जॅकेटला छान, झुडपांतून जायला नाही.

आता शोधायचं कुठे. कापडाच्या दुकानात विचारून बघा, पण तिथे सुटाचं कापड जास्त आणि कोटाचं कमी असतं. असलं तरी महाग. माझं निम्म्याहून जास्त सामान दोन जागांवरून आलंय: ब्लँकेटं आणि जुने ओव्हरकोट.

ब्लँकेट घेताना ते घडी उघडून, पूर्ण पसरून, वजन करून घ्यायचं. छोट्या तुकड्याचं वजन करून जीएसएम काढायची पद्धत सगळीकडे सांगतात (१० सेंटीमीटर बाय १० सेंटीमीटर कापा, ग्रॅमला १०० ने गुणा), पण घरातल्या काट्याने ती फसते. काटा ४ ग्रॅम दाखवतो तेव्हा खरं वजन साडेतीनही असेल आणि साडेचारच्या जवळही, म्हणजे ३५० की ४५० ते कळतच नाही. अख्खं ब्लँकेट वजन करा, लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागा, झालं. ऑनलाइन विकणाऱ्यालाही हेच विचारता येतं: माप सांगा आणि घडी काट्यावर ठेवून फोटो पाठवा.

माझं राखाडी ब्लँकेट २०० बाय १५० सेंटीमीटर आणि दीड किलोचं होतं. तीन चौरस मीटर, म्हणजे ५०० जीएसएम. पण फुंकर आरपार जात होती. ते मी वॉशिंग मशीनमध्ये ६० अंशांवर साबण घालून दोनदा फिरवलं. मावशी शेजारी उभी होती, तिने उभा जन्म शिवणकामात घालवलाय. म्हणाली, “अगं, लोकर कुणी गरम पाण्यात धुतं का?” मी म्हटलं, “तेच तर करायचंय.” बाहेर आलं ते १७६ बाय १२८. कडा वेड्यावाकड्या, पण कापड पार बदललेलं: साडेसहाशेच्या वर जीएसएम, फुंकर जवळपास बंद, आणि कातरलं तरी एक दोरा सुटेना. मावशीने ते दोन्ही अंगठ्यांवर ताणून बघितलं आणि काही बोलली नाही. तिच्याकडून ही पावतीच.

यात दोन धोके. एक, ‘सुपरवॉश’ केलेली लोकर आटतच नाही, कारण तिचे खवलेच झाकलेले किंवा झिजवलेले असतात. दुसरा, प्रत्येक कापड वेगळं आटतं. म्हणून आधी कोपऱ्याचा तुकडा, त्यावर २० सेंटीमीटरचा चौकोन दोऱ्याने आखून, मोजून, धुऊन, पुन्हा मोजायचा. उभ्या आणि आडव्या दोऱ्यात आटण्याचं प्रमाण सारखं नसतं हे तिथेच कळतं. आणि जे काही करायचं ते बेतण्याआधी. शिवलेला अनोरक आटला तर तो भाच्याला जातो. माझा गेलाय.

ब्लँकेटांत आणखी एक फसगत: जुन्या लष्करी पद्धतीच्या बऱ्याच ब्लँकेटांत जुन्या लोकरी चिंध्या पिंजून पुन्हा कातलेली लोकर असते. इंग्रजीत तिला ‘शॉडी’ म्हणतात, आणि १८१३ च्या सुमाराला यॉर्कशायरमधल्या बॅटली गावात ती सुरू झाली. तंतू तुटून आखूड झालेले असतात, त्यामुळे ऊब असते पण दम नसतो. कापड चिमटीत धरून जोरात चोळा. बोटांना पिंजलेला भुसा लागला तर ते अंथरायला ठेवा, गुडघ्या-कोपरांना नको.

जुन्या ओव्हरकोटाचं गणित वेगळं. त्यात कापड उत्तम असतं, पण तुकड्यांत मिळतं. सगळ्यांत मोठा सलग तुकडा पाठीचा, मग पुढचे दोन पल्ले, मग बाह्या. म्हणून सगळ्यांत मोठ्या मापाचा, घोट्यापर्यंतचा, मागे मधोमध शिवण नसलेला कोट शोधायचा. कापायचा नाही, उसवायचा. एक संध्याकाळ जाते, आणि आतून निघणारी धूळ बघता ती गच्चीत घालवलेली बरी. पुढच्या पल्ल्याच्या आत कॅनव्हास टाचलेला असेल तर तो सहज निघतो. चिकटवलेला असेल तर तो भाग सोडून द्या, खरवडत बसू नका. उसवल्यावर शिवणीच्या आतली बाजू बघा, मूळ रंग तिथे असतो. कित्येकदा कापडाची उलटी बाजू अजून नवीकोरी असते, ती बाहेर करून शिवायची.

खांद्यावरचं कापड मात्र वेगळं तपासा. वर्षानुवर्षं खिडकीजवळ टांगलेल्या कोटाची लोकर उन्हाने खांद्यावर कुजलेली असते, दिसत नाही. अंगठ्यांवर ताणा. ‘टर्र’ झालं तर नशीब, शिवायच्या आधी झालं.

बाकीच्या जागा थोडक्यात. गिरण्यांचे तागे संपताना उरलेले तुकडे आणि किरकोळ डाग असलेला माल, तोही डाग बेतात टाळता येत असेल तरच. जुन्या काळचे पोशाख शिवणाऱ्यांना कापड पुरवणारे, यांच्याकडे खरं आटवलेलं कापड असतं आणि ते जीएसएम विचारल्यावर चिडत नाहीत. सोफ्याचं लोकरी कापड झिजायला चिवट, पण पाठीला लेप लावलेला असेल तर घामाला वाट राहत नाही. आणि फेल्ट, म्हणजे नुसते तंतू दाबून केलेलं, बुटाच्या आतल्या तळव्याला लाख मोलाचं, पण त्याचे कपडे शिवू नका. ओढलं की लांबतं, मग तुटतं.

लोकर आहे की नाही हे लेबल नेहमी सांगत नाही. जुन्या मालावर लेबलच नसतं. उभा एक दोरा आणि आडवा एक दोरा वेगवेगळा ओढून काढा. वेगवेगळा हे महत्त्वाचं, कारण ब्लँकेटात उभे दोरे सुती आणि आडवे लोकरी असं सर्रास असतं. चिमट्यात धरा, खाली पाण्याची बशी, आणि पेटवा. लोकर कुरकुरत जळते, ज्योत काढली की बहुतेक विझते, केस जळल्याचा वास येतो, आणि काळी गुठळी बोटांनी चुरते. सुती दोरा कागदासारखा जळून मऊ राख सोडतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, तो चुरत नाही. मिश्रण असेल तर वास लोकरीचा आणि मणी कडक, असा गोंधळ होतो. तेव्हा दोरा काचेच्या वाटीत साध्या ब्लीचमध्ये रात्रभर ठेवा, खिडकी उघडी ठेवून, आणि त्यात दुसरं काहीही मिसळू नका. लोकर विरघळून जाते. सकाळी वाटीत जे उरलंय ते लोकर नाही.

थोडं मिश्रण असलं म्हणून नाक मुरडू नका. ८० टक्के लोकर आणि २० टक्के नायलॉन ही कोटाच्या कापडात नेहमीची जोडी आहे, आणि घासणीला ती शुद्ध लोकरीपेक्षा चिवट. फक्त शेकोटीजवळ बसणार असाल तर शुद्ध घ्या. लोकरीवर ठिणगी पडली तर ती जागा काळवंडते, वितळत नाही. नायलॉनच्या जॅकेटाला पडलेली भोकं मोजून झाल्यावर मी लोकरीकडे वळले होते.

ओलाव्याबद्दल ऐकता ते खरं आहे: लोकर आपल्या वजनाच्या तीसएक टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही. पण चिंब भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही. ‘भिजत घोंगडं’ हा शब्द ज्याने पाडला त्याने ते नक्कीच स्वतः पिळलं असणार. मुसळधार पावसासाठी वेगळा रेनकोट ठेवा.

आणि जुनं काहीही घरात घेण्याआधी कसर. कापड उजेडासमोर धरा, टाचणीएवढी भोकं चमकतील. उडणारा पतंग खात नाही, त्याची अळी खाते, आणि ती शिवणीत, कॉलरखाली लपते. मी सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवते. घरचे कुरकुरतात. काढल्यावर पिशवी न उघडता बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर कापडाला पाणी सुटतं.

किती घ्यायचं? १५० सेंटीमीटर पन्ह्याचं, टोपी आणि मोठा खिसा धरून, माझ्या मापाच्या अनोरकला अडीच मीटर लागतं. लव एका दिशेने झुकलेली असेल तर सगळे तुकडे एकाच दिशेने बेतावे लागतात, म्हणून अर्धा मीटर जास्त. आटवायचं असेल तर तेही आधीच धरा. मशीनला १०० किंवा ११० नंबरची सुई, टाका साडेतीन-चार मिलिमीटरचा, दोरा पॉलिएस्टरचा. दोरे न सुटणाऱ्या कापडात कडा दुमडूच नका: एकावर एक सेंटीमीटरभर चढवून दोन टिपा मारा. दुमडलेल्या शिवणीत चार-पाच थर येतात आणि काखेत ते असे टोचतात की माझी घरची मशीन आणि मी दोघीही तिथे अडलो. उरलेल्या तुकड्यांतून अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असे हातमोजे निघतात. त्यांचा अंगठा वेगळा बेता, तळव्यातून सलग काढला तर मूठ वळत नाही.