घोड्यावर बसून स्वतःलाच बोल लावताय? या चुका टाळा

चाळिशी ओलांडल्यावर घोडेस्वारी शिकायला लागले, तेव्हा घरच्यांनी माझ्या पडण्याची धास्ती घेतली होती. पडले दोनदाच. खरा त्रास वेगळाच निघाला. पाऊण तासाची राइड संपवून स्कूटरवरून घरी येईपर्यंत डोक्यात नुसती चुकांची उजळणी: टाच वर गेली, खांदे पुढे पडले, ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, डायगोनल (घोड्याच्या पावलांशी जुळवायची खोगिरावरची उठबस) चुकला. ‘स्वतःतलं चांगलंही बघ’ असं कोणी म्हटलं की मला ती समजूत काढण्याची भाषा वाटायची. पण इथेच आपलं घोडं पेंड खातं.

घोडा शिकतो कसा, ते आधी बघा. आपण पोटरीचा दाब देतो, तो पाऊल पुढे टाकतो, आणि त्याच क्षणी दाब निघाला तर त्याला कळतं की हेच हवं होतं. दाबामुळे तो हलतो, पण शिकतो ते दाब सुटल्यामुळे. म्हणजे बरोबर काय घडलं, हे स्वाराला जागच्या जागी कळायला हवं. मागच्या वळणावरच्या चुकीचा हिशेब मांडत बसलेल्या स्वाराची पोटरी दाबलेलीच राहते, लगाम ताणलेलाच राहतो. बरोबर उत्तर देऊनही घोड्याची सुटका नाही! असं महिनोन्‌महिने चाललं की तो उत्तर द्यायचंच सोडतो, आणि आपण सगळ्यांना सांगतो, ‘हा घोडा फार सुस्त आहे.’ रायडिंग स्कूलमधले बरेचसे ‘सुस्त’ घोडे असेच तयार झालेले असतात, असं माझं मत आहे.

व्हिडिओत फक्त स्वतःला शोधणं

ही माझी सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लेकाने माझ्या ट्रॉटचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. रात्री तो दहा-बारा वेळा पाहिला आणि चुका वहीत लिहिल्या. चौदा निघाल्या. दुसऱ्या दिवशी ती वही अभिमानानेच उस्तादांपुढे धरली. आमचे उस्ताद घोडदळातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि मोबाइल मागितला.

‘मॅडम, बाविसाव्या सेकंदाला काय झालं?’

‘डावी टाच वर गेली.’

‘टाच राहू द्या. घोडा बघा.’

पाहिलं. पागेच्या छपरावरची निळी ताडपत्री वाऱ्याने फडफडली होती. घोड्याचे दोन्ही कान तिकडे वळले, मान ताठ झाली, एक पाऊल आडवं पडलं. आणि माझे हात? होते तिथेच होते. ना लगामाला हिसका, ना मांड सुटली. तिसऱ्या पावलाला घोड्याचा एक कान परत माझ्याकडे फिरला आणि त्याची मान सैल झाली.

‘हेच दिवाळीत झालं असतं, तर काय केलं असतं तुम्ही?’ उस्तादांनी विचारलं.

दिवाळीत मी लगाम गच्च आवळून किंचाळले असते. दहा-बारा वेळा व्हिडिओ पाहूनही मला हे दिसलं नव्हतं, कारण मी घोड्याकडे बघतच नव्हते.

तेव्हापासून व्हिडिओ तीनदाच बघते. पहिल्यांदा फक्त घोडा: कान, मान, शेपूट, तोंड. दुसऱ्यांदा माझे हात आणि कंबर, आणि काही बिनसलं तेव्हा काय जागेवर राहिलं तेवढंच. चुका तिसऱ्या फेरीत, आणि त्यातली एकच पुढच्या राइडसाठी निवडायची. बाकीच्या तेरा कुठे पळून जात नाहीत.

चांगलं झालं तर घोड्यामुळे, बिघडलं तर माझ्यामुळे

आपल्याकडे हा विनय समजला जातो. स्वतःचं कौतुक केलं की दृष्ट लागेल, नाहीतर माणूस शेफारेल, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण हिशेब म्हणून बघितलं तर तो सरळ खोटा आहे. घोडा साधारण पाचशे किलोचा, डोक्याने स्वतंत्र प्राणी. तुमचा भाग शून्य असता तर तो कडेचं गवत खात उभा राहिला असता. त्याने गोल सुंदर काढला, तर तुम्ही कुठे बघत होता, वजन कुठे होतं, बाहेरच्या बाजूचा लगाम हातात होता का, हे लिहून ठेवा. उद्या तोच गोल पुन्हा काढायचा, तर लागणार तेच आहे.

‘सॉरी, सॉरी’चा जप

ट्रॉटमध्ये तोल जाऊन खोगिरावर धपकन बसलो की तोंडातून ‘सॉरी’ निघतंच. घोड्याला ते कळत नाही. पण ते म्हणताना आपले खांदे गळतात आणि श्वास अडकतो, ते त्याला कळतं. स्वीडनमधला, 2009 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. माणसांनी घोड्यांना ठरावीक अंतर चार वेळा न्यायचं होतं, काहींनी धरून, काहींनी वर बसून. चौथ्या फेरीआधी माणसांना सांगितलं की आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेसुद्धा! मनातल्या मनात स्वतःला झोडपणं खोगिरावर तरी खाजगी राहत नाही.

माफी मागायचीच असेल तर अयाळ संपते तिथला, खांद्यांमधला उंचवटा बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि त्याने त्यांचे ठोके मंदावतात. मानेवर थाडथाड थापा मारणं मात्र आपल्याच समाधानासाठी असतं.

शंभरपैकी किती, हे दहावीच्या निकालासारखं मोजणं

ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक हालचाली नेमकेपणाने करून घेण्याच्या स्पर्धेत, प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण मिळतात आणि शेवटी त्यांचे टक्के काढतात. त्यात सहा म्हणजे समाधानकारक, सात म्हणजे बऱ्यापैकी चांगलं, आठ म्हणजे चांगलं. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं ते भारताचं 41 वर्षांनंतरचं सुवर्ण. त्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. संघातल्या वरच्या तिघांच्या टक्क्यांची बेरीज होती 209.205, म्हणजे सरासरी सत्तरच्याही किंचित खाली. त्याच स्पर्धेत अनुष अगरवालाने वैयक्तिक कांस्य मिळवलं, 73.030 टक्क्यांवर. आपल्या घरात दहावीला एवढे पडले असते तर पेढ्यांचा बॉक्स बहुधा लहानच आला असता. संगीतावरच्या फ्रीस्टाइल ड्रेसाजमध्ये गाजलेल्या व्हॅलेग्रो या घोड्याने 2014 मध्ये 94.300 टक्क्यांचा जागतिक विक्रम केला, तरी तिथेही जवळजवळ सहा टक्के कापलेच गेले.

म्हणून राइडला एकच शेरा देऊ नका. वॉक, ट्रॉट, वळणं, थांबणं असे तुकडे करा आणि प्रत्येकाला वेगळे गुण द्या. कॅंटरला, म्हणजे ट्रॉटहून वेगवान चालीला, तीन पडले म्हणून थांबण्याचे सात खोडायचे नाहीत.

‘छान झालं’ एवढंच लिहिणं

याचा उपयोग शून्य. ‘आज आत्मविश्वास वाटला’ हेही तसंच, कारण उद्या वाटला नाही तर हातात काय उरतं? डोळ्यांनी दिसेल असं लिहा: ‘कोपऱ्यात लगाम न ओढता नुसता श्वास सोडून ट्रॉटवरून वॉकवर आलो.’ अशी एक ओळ पानभर कौतुकाला भारी आहे.

तरीही जमत नसेल तर

उस्ताद फक्त चुकाच सांगत असतील तर ‘माझं काय चांगलं आहे?’ असं विचारू नका; दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. ‘काय बदलू नको?’ असं विचारा. आमच्या उस्तादांनी या प्रश्नावर पूर्ण मिनिटभर विचार केला आणि म्हणाले, ‘नजर. नजर वर राहते तुमची.’ दीड वर्षात हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

शेजारून दहा वर्षांची पोरगी पोनीवर कॅंटर करत निघून जात असेल, तर जाऊ द्या. तिला घराचे हप्ते नाहीत आणि पडायला अंतरही कमी आहे.

पडलात, तर त्या दिवशी चांगलं शोधायचा अट्टहास नको. डोक्याला मार लागला असेल, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं वाटत असेल, तर पुन्हा खोगिरावर चढण्याची मर्दुमकी दाखवू नका, डॉक्टरकडे जा. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल राहिला होता का, हेल्मेटचा पट्टा नीट होता का, हे तपासा. ही खरी चूक असते आणि तिला चूकच म्हणायचं.

आणि काहीच सापडत नसेल अशी राइडही येते. तेव्हा खाली उतरल्यानंतर घोडा निवांत झाल्याच्या खुणा बघा: खरारा करताना घोड्याने मान खाली सोडली का, ओठ चावल्यासारखे हलवले का, एक मागचा पाय सैल टेकवून उभा राहिला का. माझ्या वहीत परवाच्या पानावर एवढंच आहे: ‘डाव्या हाताचा कॅंटर, सहा पावलं. सातव्याला तुटला. तंग सोडताना जांभई दिली.’ जांभई घोड्याने दिली, हे लिहायचं राहिलंय.